मुकुटाचा वारसा आणि मुकुटाचे देणे

८ सप्टेंबर २०२२ रोजी सायंकाळी दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते ‘कर्तव्यपथा’चे उद्घाटन झाले. ब्रिटिश अमदानीत ‘किंग्जवे’ म्हणून आखला गेलेला हा रस्ता गुलामगिरीचे प्रतीक होता व ते प्रतीक आता कायमचे पुसले गेले, असे त्या प्रसंगी सांगण्यात आले. ज्या छत्रीखाली एके काळी पंचम जॉर्जचा पुतळा उभा होता तेथे नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्याच रात्री राणी दुसरी एलिझाबेथ स्कॉटलंडमधील बाल्मोरल येथे निवर्तल्याची वार्ता आली. आणि तीन दिवस लोटतात न लोटतात तोच, ११ सप्टेंबर रोजी, त्याच पंचम जॉर्जच्या नातीसाठी भारत सरकारने राष्ट्रीय दुखवटा पाळला व देशभर तिरंगा अर्ध्यावर उतरवला.

शहाण्णव वर्षांच्या एका वृद्धेच्या मृत्यूबद्दल शोक व्यक्त करण्यास कोणाचीच हरकत असणार नाही. परंतु राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवणे ही खाजगी सहानुभूती नसते, ती राजकीय कृती असते. त्या आठवड्यात जगातील सर्वांच्या भावना एकसारख्या नव्हत्याच. लंडनमध्ये थेम्सच्या काठी अंत्यदर्शनासाठी मैलोगणती रांग लागली होती हे खरे. दक्षिण आफ्रिकेतील ‘इकॉनॉमिक फ्रीडम फायटर्स’ या पक्षाने आपण हा शोक करणार नाही असे जाहीर पत्रक काढले हेही तितकेच खरे. केनियाच्या सरकारने चार दिवसांचा दुखवटा जाहीर केला, आणि त्याच केनियात माऊ माऊ बंडाच्या काळातील छळछावण्यांची आठवण लोक उघडपणे काढीत होते. एलिझाबेथ राणी झाली ती १९५२ च्या फेब्रुवारीत, केनियाच्या मुक्कामी असताना. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तेथे आणीबाणी पुकारली गेली आणि पुढे हजारो किकुयू शेतकऱ्यांना तारेच्या कुंपणाआड कोंडून त्यांचा छळ करण्यात आला. २०१३ साली ब्रिटिश सरकारला ५,२२८ पीडितांशी तडजोड करून सुमारे २ कोटी पौंड मोजावे लागले. तोवर ही माणसे ऐंशीच्या घरात पोचली होती, आणि कितीतरी मरूनही गेली होती.

ब्रिटिश राजघराण्याकडे जग कसे पाहते, या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. पाहणारा कोठे उभा आहे त्यावर ते अवलंबून आहे. ज्याने केवळ सुवर्णरथ आणि लाल डगल्यांचे सैनिक पाहिले, त्याला ती एक निरुपद्रवी शोभा वाटते. १७७६ साली ज्यांनी राजाला हाकलले त्या अमेरिकेतही ही शोभा मोठ्या हौसेने पाहिली जाते; ज्यांना राजा नको असतो त्यांना दुसऱ्याच्या राजाचे कौतुक परवडते. परंतु ज्यांच्या पाठीवरून तो रथ गेला त्यांनी मागितलेला आहे तो हिशेब. आणि हिशेब मागताच शोभेची बाहुली कशी बोलू लागते व कशी मुकी होते, हे पाहण्यासारखे आहे.

राजा नामधारी असतो, त्याला सत्ता नसते, मग त्याच्याशी भांडायचे कशाला, हा युक्तिवाद समाजवादी वर्तुळातही अधूनमधून ऐकू येतो. तो ऑस्ट्रेलियाच्या मजूर पक्षाच्या कार्यकर्त्यांपुढे करून पाहावा. ११ नोव्हेंबर १९७५ रोजी राणीचा प्रतिनिधी, गव्हर्नर-जनरल सर जॉन केर याने लोकांनी निवडून दिलेले गॉफ व्हिटलम यांचे सरकार एका पत्राने बडतर्फ केले. राजवाड्याशी झालेला केरचा पत्रव्यवहार ‘खाजगी’ ठरवून कुलपात ठेवण्यात आला होता. इतिहासकार जेनी हॉकिंग यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला तेव्हा कोठे २०२० साली तो उघड झाला. राणीला आगाऊ न कळवणेच बरे, असे केरने बडतर्फीनंतर लिहिले होते. मात्र त्याआधीचे कित्येक महिने या अधिकाराच्या वापराविषयी त्याची व राजवाड्याची पत्रापत्री चालू होती, हेही त्याच कागदांत दिसते. नामधारी सत्तेचा हाच गुण आहे: ती वापरली जाते तेव्हा वापरणारा कोणीच नसतो.

ब्रिटनमध्ये तर ज्या विधेयकाचा राजाच्या हितसंबंधांशी संबंध येतो, ते पार्लमेंटात मंजूर होण्याआधी राजाच्या संमतीसाठी पाठवण्याची रूढी आहे. एलिझाबेथच्या कारकिर्दीत अशा रीतीने हजारांहून अधिक कायदे राजवाड्याच्या नजरेखालून गेले, हे ‘गार्डियन’ने २०२१ साली दाखवून दिले. राणीच्या खाजगी संपत्तीचा आकडा जनतेला कळू नये म्हणून १९७३ साली तिच्या वकिलाने सरकारवर कसे दडपण आणले, याचे कागद ब्रिटनच्याच राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

आणि संपत्ती म्हणजे काही राजमुकुटातील हिरे नव्हेत. लँकेस्टर ही राजाची जहागीर आहे, कॉर्नवॉल युवराजाची. पूर्वापार लँकेस्टरकडे असलेल्या मुलखात कोणी मृत्युपत्र न करता व वारस मागे न ठेवता मेला, तर त्याची शिल्लक देशाच्या तिजोरीत जात नाही, या जहागिरीत जाते. लँकेशायरच्या गिरणीत जन्म काढलेल्या एखाद्या एकाकी म्हाताऱ्याचे चार पैसे असे राजाच्या पदरात पडतात. (औरस वारस नाही म्हणून १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. खालसा करण्याची ही विद्या साहेबाने घरीही जपली म्हणावयाची.) या पैशातून खर्च वजा जाता उरलेले धर्मादायास जाते असा खुलासा केला जातो, पण कोणाच्या मिळकतीवर धर्म करायचा हे ठरवण्याचा अधिकार राजाला कोणी दिला, याचा खुलासा होत नाही. सामान्य ब्रिटिश नागरिकाच्या मोठ्या वारशावर ४० टक्के कर आहे. राणीची खाजगी मालमत्ता चार्ल्सकडे आली ती १९९३ च्या करारान्वये करमुक्त. शिवाय २०२५-२६ या वर्षासाठी राजघराण्याचे सरकारी अनुदान १३ कोटी २१ लाख पौंड.

वारसा घेताना ही अशी दक्षता आहे. देण्याचा प्रश्न निघाला की काय होते?

१६७२ साली दुसऱ्या चार्ल्सने ‘रॉयल आफ्रिकन कंपनी’ला सनद दिली. कंपनीचा गव्हर्नर होता राजाचा सख्खा भाऊ जेम्स, जो पुढे स्वतः राजा झाला. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे पकडून नेणे हा या कंपनीचा व्यापार होता, आणि त्या माणसांच्या कातडीवर तापल्या लोखंडाने कंपनीची मुद्रा उमटवली जाई. शंभर वर्षांनंतर गुलामांचा व्यापार बंद करण्याची चळवळ उभी राहिली तेव्हा तिच्याविरुद्ध लॉर्ड्स सभेत भाषणे करणारा ड्यूक ऑफ क्लॅरेन्स पुढे चौथा विल्यम म्हणून गादीवर बसला. त्याच्याच अमदानीत, १८३३ साली, गुलामगिरी बंद करण्याचा कायदा झाला व नुकसानभरपाई म्हणून २ कोटी पौंड मंजूर झाले. ते मिळाले मालकांना. गुलामांना छदामही मिळाला नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाची अखेरची फेड २०१५ साली झाली. म्हणजे जमेका-बार्बाडोसहून येऊन लंडनच्या बसगाड्या चालवणाऱ्या आणि इस्पितळांत राबणाऱ्या कृष्णवर्णीयांनी भरलेल्या करातूनही त्यांच्या पणज्यांच्या मालकांचे देणे फेडले गेले.

या हिशेबाविषयी विचारले की राजा म्हणतो, मी घटनात्मक प्रमुख, सरकारच्या सल्ल्याविना मला बोलता येत नाही. सरकार म्हणते, झाले ते फार जुने, आता पुढे पाहू. ही टोलवाटोलवी मोठ्या सफाईने चालते. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी बार्बाडोस प्रजासत्ताक झाले तेव्हा युवराज चार्ल्स तेथे हजर होता आणि त्याने गुलामगिरीच्या भीषण क्रौर्याचा उच्चार केला. २०२३ साली केनियात राजा म्हणून त्याने अतीव दुःख व खेद व्यक्त केला. क्षमा मात्र दोन्हीकडे मागितली गेली नाही, कारण खेदाला पैसे पडत नाहीत, क्षमेच्या मागोमाग देणे येते. १९९७ साली अमृतसरला जालियनवाला बागेत राणीने मान लवविली, पुष्पचक्र वाहिले, आणि ती निघून गेली. सोबत आलेल्या फिलिपला मृतांचा आकडा फुगवलेला वाटला, एवढीच काय ती त्या भेटीतील चर्चा.

कॅरिबियन देशांची अवस्था तर याहून विचित्र. जमेकाचा माणूस कागदोपत्री राजा चार्ल्सच्या राज्यात राहतो, पण त्या राजाच्या घरी जायचे तर २००३ पासून त्याला व्हिसा काढावा लागतो. ज्यांचे आईबाप ब्रिटिश प्रजाजन म्हणून बोलावले गेले, जे स्वतः लहानपणी बोटीतून उतरले, त्यांच्यापैकी कित्येकांना कागद नाहीत म्हणून हुसकावल्याचे ‘विंडरश’ प्रकरण २०१८ साली बाहेर आले. २०२२ च्या मार्चमध्ये राजपुत्र विल्यम पत्नीसह किंग्स्टनला गेला. उघड्या मोटारीतून मिरवणुकीने फिरला. पंतप्रधान अँड्र्यू होलनेस यांनी त्याला तोंडावर सांगितले की जमेका आता पुढे निघाली आहे. २०२४ च्या डिसेंबरात प्रजासत्ताकाचे विधेयकही मांडले गेले, तेव्हा विरोधी पक्षाचा आक्षेप असा की राजाला निरोप देऊन लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलला अखेरचे न्यायालय म्हणून का ठेवता? आक्षेप रास्त होता.

येथे एका गोष्टीकडे डोळेझाक करून चालणार नाही. संधी मिळाली तेथे सर्वत्र लोकांनी राजा झुगारला असे झालेले नाही. १९९९ साली ऑस्ट्रेलियात सुमारे ५५ टक्के मतदारांनी प्रजासत्ताकाचा प्रस्ताव फेटाळला. २००९ साली सेंट व्हिन्सेंटमध्येही तेच घडले. २०२५ साली अमेरिकेचा अध्यक्ष कॅनडा गिळंकृत करण्याच्या गोष्टी बोलू लागला तेव्हा त्या देशाने चार्ल्सला बोलावून त्याच्या हस्ते संसदेचे अधिवेशन सुरू करवले, आणि ज्या देशात २०२१ साली मूळनिवासी मुलांच्या शाळांतील मृत्यूंच्या संतापाने विनिपेगमध्ये व्हिक्टोरिया व एलिझाबेथ यांचे पुतळे पाडले गेले, तेथेच राजा ढाल म्हणून उपयोगी पडला. लोक भोळे असतात, हे त्याचे स्पष्टीकरण नव्हे. ऑस्ट्रेलियात राष्ट्राध्यक्ष जनतेने निवडायचा नव्हता, संसदेने निवडायचा होता. राजाऐवजी पुढाऱ्यांचा माणूस, यापलीकडे श्रमिकाला त्यात काही दिसले नाही. जमीन, मजुरी आणि जुने देणे या प्रश्नांना हात न घालता केवळ नाण्यावरचे मुखवटे बदलणारे प्रजासत्ताक लोकांना उचंबळून टाकीत नाही. त्या देशातील मूळनिवासींना मात्र हा भेद नेमका कळतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅनबेराच्या संसद भवनात सिनेटर लिडिया थॉर्प यांनी चार्ल्सला तोंडावर ओरडून सांगितले की तू आमचा राजा नव्हेस, आणि लगोलग चोरलेली भूमी व पूर्वजांच्या अस्थी परत मागितल्या. सभ्य मंडळींना त्या आवाजाचा स्वर खटकला. मागणीबद्दल कोणी बोलले नाही.

ब्रिटनच्या मजूर चळवळीनेही हा प्रश्न फार लवकर गुंडाळून ठेवला. १८९४ च्या जूनमध्ये वेल्समधील अॅल्बियन कोळसा खाणीत स्फोट होऊन २९० कामगार मेले, त्याच दिवसांत राजघराण्यात एक मूल जन्मले. कॉमन्स सभेत अभिनंदनाचा ठराव आला. मृतांच्या कुटुंबांसाठी सहानुभूतीचे दोन शब्द त्यास जोडा, अशी केर हार्डीची मागणी होती. ती धुडकावली गेली, तेव्हा सगळे सभागृह ओरडत असता तो एकटा ठरावाविरुद्ध बोलला. तेच मूल पुढे आठवा एडवर्ड झाले आणि १९३६ साली विवाहापायी गादी सोडून गेले. परंतु हार्डीच्या पश्चात, १९२३ च्या अधिवेशनात, मजूर पक्षाने राजेशाहीविरोधी ठराव प्रचंड बहुमताने पाडला. भाकरीचा प्रश्न आधी, मुकुटाचा नंतर, हा त्यामागील तर्क. शंभर वर्षांनी, ६ मे २०२३ रोजी, चार्ल्सच्या राज्याभिषेकाच्या सकाळी ‘माझा राजा नव्हे’ असे फलक आणणाऱ्या ‘रिपब्लिक’ संघटनेच्या कार्यकर्त्यांना चारच दिवसांपूर्वी मंजूर झालेल्या कायद्याखाली पोलिसांनी उचलले व दिवसभर डांबले. मागाहून खेद व्यक्त केला. नामधारी राजासाठी निदर्शकांना खऱ्याखुऱ्या कोठडीत बसावे लागले.

मग सामान्य माणसाला वाटणाऱ्या आपुलकीचे काय? मुंबईच्या डबेवाल्यांना चार्ल्स २००३ साली चर्चगेटला येऊन भेटला, आणि २००५ साली त्याच्या लग्नाला त्यांचे दोन प्रतिनिधी गेले. या अगत्याची टवाळी करण्याचे कारण नाही. भेटायला आलेल्याचा मान राखणे हा कष्टकऱ्याचा धर्म आहे. परंतु मान राखूनही हिशेब मागता येतो, हे महाराष्ट्राला कोणी लंडनहून शिकवायला नको. १८८८ साली पुण्यात हरि रावजी चिपळूणकरांनी राणी व्हिक्टोरियाचा पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट याला मेजवानी दिली. जोतीराव फुले तेथे फाटक्या कुणब्याच्या वेषात गेले. हे शालूशेले आणि दागिने म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी प्रजा खेड्यांत उपाशी आहे, हे आपल्या मातोश्रींना जाऊन सांगा, असे त्यांनी राजपुत्राला बजावले. जोतीराव काही इंग्रजी राज्याचे कट्टर शत्रू नव्हते. अकरा वर्षांपूर्वी, १८७७ च्या पहिल्या दिवशी, दख्खनच्या दुष्काळात माणसे तडफडत असता लिटनने दिल्लीस दरबार भरवून त्याच मातोश्रींना सम्राज्ञी केले होते. शेतकऱ्याचा तो आसूड ज्याने जवळून पाहिला होता त्याला राजपुत्राच्या पंगतीत गप्प बसवले नाही, इतकेच.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सामोआतील अपिया येथे राष्ट्रकुलाची परिषद झाली. राजा हजर होता. गुलामगिरीच्या नुकसानभरपाईचा विषय कॅरिबियन देशांनी रेटला. ब्रिटनचे मजूर पंतप्रधान स्टार्मर यांनी क्षमाही नाकारली व पैसाही नाकारला. अंतिम निवेदनात ‘चर्चेची वेळ आली आहे’ एवढे एक वाक्य कसेबसे घातले गेले. भारताचे पंतप्रधान त्या सुमारास कझानला ब्रिक्सच्या बैठकीस गेले होते, अपियाला एका मंत्र्याची रवानगी झाली. पुढील परिषद २०२६ साली अँटिग्वा आणि बार्बुडा येथे, उसाच्या मळ्यांत गुलाम राबवलेल्या बेटांवर, भरवावयाचे तेथेच ठरले. राष्ट्रकुलातील सर्वांत मोठे प्रजासत्ताक या मागणीच्या बाजूने बोलणार की पुन्हा एखादा मंत्री पाठवून मोकळे होणार, हा प्रश्न संसदेत लेखी विचारला जावयास हवा, आणि सरकारचे उत्तर येईल ते गावोगावच्या सभांतून वाचून दाखवले जावयास हवे.