नकाशावरील साल

मुलांस नकाशा वाचावयास शिकवितांना आपण दिशा व प्रमाण आधीं दाखवितों. कडेस बारीक अक्षरांत छापलेलें साल मात्र बहुधा राहून जातें. तें वाचणें किती अगत्याचें आहे, हें अमेरिकेंतील यूटा संस्थानाच्या ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवरावरून चांगलें समजतें.

या सरोवरास नद्या मिळतात, पण त्यांतून एकही बाहेर पडत नाहीं. पाणी जातें तें केवळ वाफ होऊन. तळ उथळ व किनारा सपाट असल्यामुळें पाणी थोडें चढलें-उतरलें कीं तीर दूरवर सरकतो. १९८६-८७ मध्यें पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारें ४,२१२ फूट होती. २०२२ मध्यें ती ४,१८९ फुटांच्याही खालीं गेली. तेव्हां समोच्चरेषांच्या नकाशांत तीर म्हणून काढलेली निळी रेषा त्या सालापुरतीच खरी होय.

लोहमार्गाचीही तीच कथा. १० मे १८६९ रोजीं सरोवराच्या उत्तरेस प्रॉमंटरी येथें पूर्वेकडून व पश्चिमेकडून आलेले रूळ जोडले गेले. पुढें तेथील चढ व वळणें टाळण्यासाठीं १९०४ मध्यें थेट सरोवरांतूनच, कांहीं भाग भरावावरून व कांहीं लांकडी पुलावरून, नवा मार्ग नेला. जुन्याचें महत्त्व ओसरलें व १९४२ मध्यें युद्धासाठीं लोखंड हवें म्हणून त्याचे रूळही उपटण्यांत आले. १९५९ मध्यें लांकडी पुलाऐवजीं दगडी बांध आला. त्यानें सरोवर दुभंगलें. नद्या दक्षिण भागास मिळत असल्यानें उत्तरेचें पाणी अधिक खारट झालें व त्यांतील सूक्ष्म जीवांमुळें तांबूस दिसूं लागलें.

अशा प्रदेशाचा जुना नकाशा चुकीचा म्हणून टाकून देणारा मनुष्य, क्रियापदाचा काळ न पाहतां वाक्याचा अर्थ लावणाऱ्या विद्यार्थ्यासारखा होय. आज त्या नद्यांचें बरेंचसें पाणी शेतीसाठीं व शहरांसाठीं वाटेंतच वळविलें जातें, आणि उघड्या पडलेल्या तळाची धूळ वाऱ्यानें वस्तींत येते. नुसता नवा नकाशा पाहणाऱ्यास ती कोरडी जमीन मूळचीच वाटेल. सरोवर कोठवर होतें, हें जुना नकाशाच दाखवितो. तेथील सरकारी भूशास्त्रीय खात्यानें १८८४ पासूनचे आपले असे नकाशे सर्वांस विनामूल्य खुले केले आहेत, तें याचसाठीं.

आपल्याही घरीं एखादा जुना नकाशा असेल. तो रद्दींत घालण्यापूर्वीं नव्याशेजारीं पसरावा, आणि काय बदललें तें मुलांसच शोधूं द्यावें.