मागच्या चाकाला डिस्क, आणि अकलेला सुट्टी

मंडळी, आज शनिवार असूनही सॉफ्टवेअरवर लिहिणार नाही. आज चिडून लिहितोय, तेव्हा सांभाळून घ्या.

आमच्या पाथर्डीच्या दादाकडे (सख्खा नाही, चुलत, पण दादाच) त्याच्या वडिलांची जुनी महिंद्राची जीप आहे, सीजे थ्री बी. उंच बॉनेटवाली, समोरून बघितली की कपाळ मोठं असलेल्या मास्तरांसारखी दिसते. मागच्या दिवाळीत मी तिला एक भेट दिली. मागच्या एक्सलला डिस्क ब्रेक. पैसे माझे, हट्टही माझा. दादा म्हणत होता, "अरे लायनर बदलू, झालं." मी पुण्यात राहतो, चार व्हिडिओ बघितलेले, इंजिनिअरिंगची डिग्री भिंतीवर टांगलेली. मी कशाला ऐकतोय?

जूनमध्ये नगरहून येताना करंजी घाटात, पहिल्या पावसात, एका वळणावर दादाने ब्रेक दाबला आणि जीपचं मागचं अंग पुढे यायला निघालं. जीप अर्धी फिरली आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात जाऊन बसली. स्पीड चाळीसच्या आत. मागच्या सीटवर त्याची नऊ वर्षांची पोरगी होती. ओठाला तीन टाके. दुसऱ्या बाजूला काय आहे ते करंजी घाट बघितलेल्यांना सांगायला नको.

दादाने मला एका शब्दाने बोल लावला नाही. म्हणून मीच लावून घेतो, आणि माझ्यासोबत "फोर व्हील डिस्क करून टाका सायेब, गाडी जागेवर थांबते" म्हणणाऱ्या सगळ्यांनाही.

कुठलीही गाडी ब्रेक मारल्यावर नाक खाली घालते, म्हणजे वजन पुढच्या चाकांवर जातं. किती? आमच्या जीपचा व्हीलबेस ८० इंच, म्हणजे २०३ सेंटीमीटर. माणसांसकट वजन १२०० किलो, पुढे-मागे निम्मं निम्मं, आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटीमीटरवर धरू. ओल्या रस्त्यावर ०.४ जी ने थांबायचं तर साधारण १५४ किलो पुढे सरकतात. पुढे ७५४, मागे ४४६. टक्केवारीत ६३ आणि ३७. कोरड्या रस्त्यावर जोरात थांबलात तर मागे पाव हिस्सासुद्धा उरत नाही. आणि घाट उतरताना मागचा वाटा आणखी घटतो.

आता गंमत बघा. विलिजच्या जुन्या जीपला चारही चाकांना ९ इंची ड्रम असायचे, पण आतले व्हील सिलिंडर वेगळे. पुढे १ इंच, मागे पाऊण इंच. दाब तोच, ड्रम तोच, तेव्हा जोर क्षेत्रफळाच्या हिशेबाने वाटला जाणार. १ आणि ०.५६. टक्क्यांत ६४ आणि ३६!

हे आकडे शेजारी शेजारी लिहिले तेव्हा मी खुर्चीत मागे टेकलो. ज्यांना आपण "त्या काळातलं जुनाट तंत्रज्ञान" म्हणून हिणवतो, त्यांनी कागद-पेन्सिलीवर हा हिशेब जुळवला होता. तो मी एका दुपारी, चहा पिता पिता, मोडला.

कसा मोडला ते सांगतो. गॅरेजवाल्याने (नाव घेत नाही, माणूस मनाने चांगला आहे) दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचे पुढच्या चाकाचे कॅलिपर आणले, एक जाड पत्रा कापून ब्रॅकेट केली, ड्रमची बॅकप्लेट काढून तिच्या जागी बोल्ट केली. व्हर्नियरने पिस्टन मोजला तर ५१ मिलीमीटर. जुना पाऊण इंची म्हणजे १९. क्षेत्रफळ सात पट! ड्रमचा बूट फिरत्या ड्रममध्ये स्वतःच ओढला जातो, त्यामुळे त्याला थोड्या दाबात जास्त जोर मिळतो. डिस्कला ही फुकटची मदत नाही. ते सगळं वजा करून, घर्षणाचे नेहमीचे आकडे घालून हिशेब केला तरी मागचा ब्रेक आधीच्या दुप्पट निघतो. पुढे तेच जुने ड्रम. म्हणजे वाटणी ६४-३६ वरून जवळजवळ ४७-५३ वर आली. जिथे वजन कमी, तिथे ब्रेक जास्त.

पुढची चाकं आधी लॉक झाली तर गाडी वळत नाही, सरळ घसरत जाते. वाईटच, पण निदान तोंड पुढे असतं. मागची आधी लॉक झाली तर मागचं टायर बाजूला धरून ठेवण्याची ताकद गमावतं आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. हे कुठलं गुपित नाही, पहिल्या धड्यात असतं. मी तो परीक्षेत लिहिलेलाही असणार. मार्क मिळाले, अक्कल राहिली.

आणखी दोन गोष्टी नंतर सापडल्या. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो लाइनमध्ये थोडा दाब कायम ठेवतो. ड्रमला तो लागतो, कारण बुटांना मागे ओढणाऱ्या स्प्रिंगा तगड्या असतात. डिस्कला स्प्रिंग नाही, त्यामुळे तोच दाब पॅडला डिस्कवर घासत ठेवतो. दादा म्हणत होताच, "गाडी हल्ली जड चालते." मी म्हटलं, "नवीन आहे, सेट होईल." दुसरं म्हणजे एक्सलचा खेळ. या जुन्या एक्सलमध्ये बेअरिंगचा आतबाहेरचा खेळ त्या बॅकप्लेटमागच्या शिमने ठरवलेला असतो. प्लेट बदलली की खेळ पुन्हा मोजून शिम बसवायला हवेत. कोण मोजतंय? शाफ्ट आतबाहेर हलला की डिस्क पॅडला मागे ढकलते आणि पुढच्या वेळी पहिला पॅडल पोकळ जातो. दादाने वळणावर दोनदा ब्रेक मारला होता. पहिला लागलाच नाही, म्हणून दुसरा जीव खाऊन मारला.

(एक बाजू मात्र वाचली. या जीपचा हँडब्रेक चाकात नसून ट्रान्सफर केसच्या मागे आहे. ज्या गाड्यांचा हँडब्रेक मागच्या ड्रममध्येच असतो, त्यांच्यात हा उद्योग करून कित्येक जण दगड सोबत ठेवून फिरतात. थट्टा नाही, बघितलंय.)

आता कुणी म्हणेल, मग काय डिस्क वाईट? अजिबात नाही. डिस्क पाण्यातून निघाल्यावर लवकर कोरडी होते, लांब उतारावर ड्रमसारखी ढिली पडत नाही, लायनर ॲडजस्ट करायची कटकट नाही. पण मग आधी पुढे लावा ना! महिंद्राने २०२० च्या नव्या थारलासुद्धा पुढे डिस्क आणि मागे ड्रमच दिले. त्यांना काय चार पैशांची डिस्क परवडत नव्हती? ज्या नव्या गाड्यांना चारही डिस्क असतात, त्यांच्यात मागचं चाक लॉक व्हायच्या आत दाब कमी करणारा कॉम्प्युटर बसलेला असतो. आपण त्यांची डिस्क उचलतो, डोकं तिथेच ठेवून येतो. पुढे डिस्क, दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर, मागच्या लाइनला दाब कमी करणारा ॲडजस्टेबल व्हॉल्व्ह, आणि मग हौस उरली तर मागे डिस्क. हा क्रम. पण अलॉयच्या फटीतून मागची चकचकीत डिस्क दिसते, व्हॉल्व्ह दिसत नाही. फोटोत तर नाहीच नाही.

आणि आपण आयटीवाले यात सगळ्यात मोठे गुन्हेगार आहोत. ऑफिसात दोन ओळींचा बदल टेस्टिंगशिवाय प्रॉडक्शनवर टाकला तर मॅनेजर रक्त काढेल. इथे मी ब्रेक बदलले, आणि टेस्टिंग काय? कल्याण रोडवर एक चक्कर. "मस्त लागतोय रे!" कोरडा रस्ता, सपाट, हलका पाय.

सरकारचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमावर सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं की कंपनीने बनवलेल्या मूळ रचनेपासून गाडी वेगळी करायची नाही. त्याच वर्षी कायद्यात १८२अ आलं. विनापरवाना प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ठीक. पण मोठे टायर लांबून दिसतात, बिघडलेला ब्रेक-बॅलन्स दिसत नाही. तो दिसायला मोजावा लागतो. आणि आमच्या नगरचं (आता अहिल्यानगर, जिभेला वेळ लागतोय) दैव असं की देशातल्या गाड्या जिथे मोजल्या जातात त्यातली एक जागा इथेच आहे. वाहननगरची व्हीआरडीई! टेस्ट ट्रॅक आहे, उपकरणं आहेत, माणसं आहेत. पण ती नव्या मॉडेलच्या मंजुरीसाठी. पाथर्डीतल्या एकट्यादुकट्या जुन्या जीपसाठी नाही. वर्षातून दोन रविवार जुन्या गाड्यांना रोलरवर चढवून पुढचा जोर किती, मागचा किती, एवढा कागद हातात दिला तरी निम्म्या गॅरेजांची मिजास उतरेल. पैसे घ्या हवे तर. मी अलॉयला देत होतोच की.

तोवर गरिबाची टेस्ट. मोकळं मैदान, पाणी मारलेलं, स्पीड तीस, गाडीत एकटा माणूस, बाहेर एक जण बघायला. कचकन ब्रेक. कुठलं चाक आधी थांबलं? मागचं थांबलं तर गाडी तिथेच ठेवून पायी घरी जा. गटारातून काढल्यावर आम्ही हेच केलं. तीनदा. तिन्ही वेळा मागचं.

पुढच्या शनिवारी पाथर्डीला जातोय, जुने ड्रम परत बसवायला. काकूने ते भंगारात जाऊ दिले नव्हते. एक गोठ्यात सापडला. दुसऱ्यावर तिने पाण्याचा माठ टेकवलाय, आणि माठाला दुसरी बैठक आणल्याशिवाय ती तो देणार नाही म्हणते. कुंभाराकडून घेऊन जातोय.