वळण एकट्या मुलीलाच का?

मुलींना घरकामाचं वळण लावण्यात अन्याय कसला, असा सवाल नुकताच एका वक्त्यांनी भर सभेत केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सांभाळणं हा बाईचा पिंडच आहे, निसर्गानेच कामं वाटून दिली आहेत, कायद्याने मुलींना सगळं मिळालेलं आहे, तेव्हा आता समानतेचा आग्रह धरणं म्हणजे सुखी घरात भांडणं लावणं. टाळ्याही भरपूर पडल्या. म्हणून हे उत्तर.

आधी निसर्गाचं बघू. स्वयंपाक बाईच्या पिंडातच असेल, तर या वक्त्यांनी एकदा लग्नाच्या मांडवामागे जाऊन यावं. भल्यामोठ्या कढईत झाऱ्याने बुंदी पाडणारा आचारी पुरुष असतो. हॉटेलात डोसे घालणारा पुरुष, मिठाईच्या दुकानात खवा आटवणारा पुरुष. शिवणारा शिंपी आणि इस्त्री करणारा परीटही बहुधा पुरुषच. कामाला पैसा आणि मान मिळाला की निसर्ग कुठे जातो? तोच आचारी घरी आला की पाणी मागतो आणि दहा वर्षांची लेक तांब्या घेऊन धावते. शिवाय जे उपजत असतं ते शिकवावं लागत नाही. मिसरूड फुटायला कुणी शिकवणी लावत नाही. मुलीला मात्र पोळी गोल येईपर्यंत ‘सासरी आमचा उद्धार होईल’ हे रोज ऐकावं लागतं.

या वळणाची किंमत मुलगी वेळेत मोजते. नववीतली बहीण आणि सातवीतला भाऊ एकाच वेळी क्लासवरून येतात. तो दप्तर टाकून मैदानावर पळतो, ती कणीक मळायला घेते. जेवण झाल्यावर तो ताटातच हात धुऊन उठतो. ते खरकटं ताट ती उचलते, ओटा पुसते आणि वही उघडते तेव्हा डोळे मिटत असतात. मग निकालाच्या दिवशी हेच लोक म्हणतात, मुलींना गणितात गती कमी! 2024 च्या देशव्यापी वेळवापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा सरासरी वेळ 289 मिनिटं निघाला आणि पुरुषांचा 88. या फरकाची सुरुवात त्या खरकट्या ताटापासून होते.

घर मोडेल ही भीतीही जुनीच. 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली, त्या काळात शिकलेली बाई विधवा होते असं सांगणारे होतेच. त्यांनाही धर्माची आणि घराचीच काळजी होती म्हणे. आज त्यांच्याच वंशातल्या मुली डॉक्टर झाल्या, तरी युक्तिवाद तोच.

कायद्याने सगळं मिळालं? वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला वाटा महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, देशाने 2005 मध्ये. पण ‘माहेर तुटेल’ एवढं म्हटलं की बहीण हक्कसोडपत्रावर सही करते. आणि राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 2001 मध्ये 913 मुली होत्या, 2011 मध्ये 894. ज्यांना जन्मच नाकारला गेला, त्यांना काय मिळालं?

मुलग्यांचंही यात भलं होत नाही. ‘रडतोस काय मुलीसारखा’ ऐकत वाढलेला मुलगा दुःख गिळायला शिकतो, आणि खोलीवर राहायला गेला की साधा वरणभातही त्याला करता येत नाही.

वळण हवंच. ते दोघांनाही हवं. आपलं ताट आपण उचलायचं, कणीक आळीपाळीने मळायची, परीक्षेच्या दिवसांत दोघांनाही सारखी सवलत, मैदानावर दोघांनीही जायचं, वाटणीच्या कागदावर दोघांचीही नावं. यासाठी नवा कायदा नको की मोर्चा नको. आईबापांनी आज रात्रीच्या जेवणापासून सुरुवात करावी, आणि त्या वक्त्यांनीही.