आपला तो बाब्या

अमेरिकेचा अध्यक्ष 538 इलेक्टोरल मतांवर ठरतो आणि ही मते कशी द्यायची, हे ज्या त्या राज्याचे विधिमंडळ ठरवते. 48 राज्यांत एका मताने पुढे असलेल्यालाही सगळी मते मिळतात. 2000 साली फ्लोरिडात 537 मतांच्या आघाडीवर बुश यांनी तिथली 25 मते खिशात घातली. देशभरात पाच लाखांहून अधिक मते जास्त मिळवलेले गोर घरी बसले.

ही पद्धत बदलायला दोन्ही पक्ष एका पायावर तयार असतात, फक्त दुसऱ्याच्या राज्यात. 2011 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या रिपब्लिकनांनी मतदारसंघवार वाटपाची टूम काढली, कारण ते राज्य डेमोक्रॅट जिंकत होते. नेब्रास्कात नेमकी तीच पद्धत 1992 पासून आहे. तिच्यामुळे ओमाहाचे एक मत कधी कधी डेमोक्रॅटांकडे जाते. त्याची खूण म्हणून तिथल्या अंगणांत पांढऱ्या फलकावर नुसता निळा ठिपका, खाली एक अक्षर नाही. तर 2024 मध्ये ती पद्धत मोडून तो ठिपका पुसायला रिपब्लिकन सेनेटर लिंडसे ग्रॅहम जातीने राज्यात दाखल! डेमोक्रॅटिक पक्ष सोडून आलेले माइक मॅकडॉनेल हे राज्य विधिमंडळातील सदस्य बधले नाहीत, म्हणून बेत फसला. तिकडे हीच पद्धत असलेल्या मेन राज्यातल्या डेमोक्रॅटांनीही जशास तसे करण्याचा दम भरून ठेवला होता. सोवळे कोणीच नाही.

मतदारसंघवार वाटप ऐकायला न्याय्य वाटते. पण त्या मतदारसंघांच्या सीमा बहुतेक राज्यांत सत्ताधारीच आखतात. 2012 मध्ये ओबामांनी पेनसिल्व्हेनिया जिंकले, तरी 18 पैकी 13 मतदारसंघांत त्यांचे प्रतिस्पर्धी रॉम्नी पुढे होते. सीमा आखणाऱ्यांच्या हाती अध्यक्षपदही देण्यापेक्षा आजचा गोंधळ परवडला.

राहता राहिला राज्याराज्यांतला करार: देशभरात ज्याला जास्त मते, त्यालाच आमची सगळी मते. सह्या करणाऱ्या राज्यांच्या इलेक्टोरल मतांची बेरीज 270 झाली की तो लागू होणार. 2024 अखेर ती 209 होती, आणि त्यात रिपब्लिकन वर्चस्वाचे राज्य एकही नाही.

खरा उपाय घटनादुरुस्तीचाच. 1969 मध्ये प्रतिनिधिगृहाने थेट निवडणुकीची दुरुस्ती 338 विरुद्ध 70 मतांनी मंजूर केली होती, रिपब्लिकन अध्यक्ष निक्सन यांचाही तिला पाठिंबा होता. सेनेटमध्ये दक्षिणेकडच्या आणि छोट्या राज्यांच्या सदस्यांनी चर्चेचे गुऱ्हाळ लावून 1970 मध्ये ती बुडवली. त्यानंतर अशी एकही दुरुस्ती प्रतिनिधिगृहात मंजूर झालेली नाही.