तर्री, पोहे आणि दोन तासांचे घड्याळ

उपाशीपोटी रक्त द्यायचे आणि जेवणानंतरच्या साखरेचा दुसरा नमुना देण्यासाठी दोन तास शहरात कुठेतरी काढायचे, हा प्रसंग मधुमेह असलेल्या घरात वर्षातून तीन-चार वेळा तरी येतोच. आमच्या हुडकेश्वरहून धंतोली किंवा रामदासपेठेत जाणे, घरी परतणे आणि पुन्हा तिकडे धाव घेणे सत्तरीपुढच्या माणसाला झेपत नाही. गेल्या महिन्यात एका सुनेने मला विचारले, "डॉक्टरसाहेब, बाबांना त्या दोन तासांत नाश्ता कुठे द्यायचा? डबा नेला तर ते पायरीवर बसून खायला लाजतात."

या प्रश्नाला माझे ठरलेले उत्तर वर्षानुवर्षे एकच होते : डबाच न्या, बाहेरचे नको. हे उत्तर सोपे असते आणि डॉक्टरवर त्याचा ठपका कधी येत नाही. ते मी का बदलले, हे आधी सांगतो.

माझे वडील शिक्षक होते. निवृत्तीनंतर दर रविवारी सकाळी ते आणि त्यांचे तीन मित्र कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खायला जात. रक्तदाब वाढलेला आढळला, तेव्हा मी मुलगा म्हणून कमी आणि डॉक्टर म्हणून जास्त बोललो आणि पोहे बंद केले. त्यांनी वाद घातला नाही. पुढच्या सहा महिन्यांत त्यांचे वजन चार किलोने उतरले. मी थायरॉइड तपासले, छातीचा एक्स-रे काढला, पोटाची सोनोग्राफी केली. सगळे ठीक निघाले. शेवटी आईनेच सांगितले की, रविवारी ते घराबाहेरच पडत नाहीत आणि इतर दिवशीही ताटात अर्धे अन्न तसेच राहते. मी त्यांना विचारले, तर म्हणाले, "पोह्यांचे काही नाही रे. पण सगळे खात असताना मी तिथे उभा राहून काय करू?"

म्हातारपणी वजन कमी होणे म्हणजे बहुधा स्नायू झिजणे. स्नायू झिजले की तोल जातो, माणूस पडतो आणि खुब्याचे हाड मोडते. पोह्यांतल्या मिठापेक्षा हा धोका लहान नव्हता. मी बंदी उठवली, काही अटी मात्र घातल्या. त्या अटी आज आपल्यापुढे ठेवतो.

आपले नागपूर जुने विद्यापीठाचे शहर आहे. हिस्लॉप, मॉरिस, सायन्स ही महाविद्यालये विद्यापीठाच्याही आधीची. ४ ऑगस्ट १९२३ रोजी विद्यापीठ स्थापन झाले आणि २००५ साली त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले. जिथे विद्यार्थी तिथे स्वस्त आणि पोटभर नाश्ता हवाच. महाविद्यालये, वसतिगृहे, कचेऱ्या आणि दवाखाने यांच्या आसपास सकाळी पोह्यांची पातेली वाफाळत असतात. पिवळे पोहे, त्यावर काळ्या हरभऱ्यांची लालभडक तर्री, वरून कच्चा कांदा, चिवडा किंवा शेव, सांबार आणि लिंबू. (बाहेरगावच्या वाचकांसाठी : विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर.)

वैद्यकीय नजरेने पाहिले तर या बशीत सगळ्यांत चांगला पदार्थ हरभरा आहे. त्यात प्रथिने आहेत, चोथा आहे. नुसत्या पोह्यांनी साखर भरभर चढते, हरभऱ्यासोबत ती जरा सावकाश चढते. अडचण आहे ती तवंगाची आणि मिठाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर. पोह्यांत मीठ, तर्रीत मीठ, शेवेत मीठ. म्हणून आमच्या घरातली पहिली अट अशी : हरभरे दोन डाव, पण डाव पातेल्याच्या तळातून घ्यायला सांगायचा, वरचा तवंग नको. चिवडा-शेव नको, लिंबू हवे तेवढे. पोहेवाला पहिल्या दिवशी हसला. दुसऱ्या रविवारपासून न सांगता तसेच देऊ लागला. ज्यांना हृदय निकामी होण्याचा त्रास आहे, पायांवर सूज येते, त्यांना मात्र एवढीही सूट मी देत नाही. त्यांनी घरून कमी मिठाचे न्यावे. कवळी असणाऱ्यांनी हरभरा नीट शिजला आहे ना, हे बोटाने दाबून पाहावे, आणि खाताना बोलू नये. हसता हसता ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाते, हे मी पाहिलेले आहे.

आता औषधांकडे वळू, कारण खरे संकट बशीत नसून खिशातल्या गोळ्यांत असते. माझे एक रुग्ण, वय चौऱ्याहत्तर, सकाळी सात वाजता ग्लिमेपिराइड घेऊन फिरायला निघाले. 'पोहे खायचेच आहेत' या हिशेबाने गोळी आधीच घेतली. रविवारची गर्दी, ओळखीची माणसे, गप्पा. पावणेनऊला बशी हाती आली, तेव्हा त्यांना दरदरून घाम फुटला होता आणि ते मुलाला भलत्याच नावाने हाक मारत होते. साखर सत्तरच्या खूप खाली गेली होती. मुलाने शेजारच्या चहावाल्याकडून साखर मागून घेतली, म्हणून निभावले.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी अन्न समोर आल्यावाचून औषध घेऊ नये. ज्यांना अर्धा तास आधी घ्यायचे इन्सुलिन चालू आहे, त्यांनी बाहेरच्या नाश्त्याच्या दिवशी काय करावे, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. घाम, थरथर, भूक, चिडचिड, बरळणे यांपैकी काही दिसले आणि माणूस शुद्धीवर असला, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्यावी, आणि मग खायला घालावे. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना धडधड आणि थरथर जाणवत नाही. घाम मात्र फुटतो. सोबतच्या माणसाने कपाळाकडे लक्ष ठेवावे.

तपासणीच्या दिवशी मधुमेहाची गोळी उपाशी नमुन्याआधी घ्यायची नाही. ती सोबत न्यावी आणि नाश्त्याबरोबर नेहमीप्रमाणे घ्यावी. ती टाळून दिलेल्या दुसऱ्या नमुन्यावरून मला काहीच कळत नाही. थायरॉइडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-नाश्ता त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, बशी संपल्यापासून नव्हे. मधल्या वेळेत पाणी चालेल, चहा-बिस्कीट नाही. आणि एक विनंती : मला खूश करण्यासाठी त्या दिवशी दोनच इडल्या खाऊ नका. रोज जेवढे खाता तेवढेच खा. माझ्याकडे असे काही सज्जन आहेत, ज्यांची साखर फक्त तपासणीच्या दिवशीच उत्तम असते.

ठिकाण निवडताना मी चवीच्या आधी खुर्ची पाहतो. वयस्कर माणसाचा रक्तदाब जेवणानंतर तासा-दोन तासांत खाली उतरू शकतो, कारण रक्ताचा ओघ पोटाकडे वळतो. पिठूळ पदार्थांच्या भरपेट नाश्त्यानंतर हे अधिक घडते. टपरीवर उभ्याने पोहे खाल्ले, उन्हात गप्पा मारल्या आणि स्कूटरकडे चालताना डोळ्यांपुढे अंधारी आली, असे सांगणाऱ्यांना 'पित्त झाले' असे वाटते. पित्ताचा त्यात काही दोष नसतो. खाण्याआधी पेलाभर पाणी प्यावे (ज्यांना पाणी मोजून सांगितले आहे ते वगळून), निम्मी बशी घ्यावी, खाल्ल्यावर अर्धा तास बसावे आणि उठताना क्षणभर टेबल धरून उभे राहावे.

म्हणून सुनेला मी म्हणालो, बाबांना चालता येत असेल आणि सोबत घडीची खुर्ची असेल, तर कस्तुरचंद पार्कचे पोहे जरूर द्या. मेट्रोचे स्थानक जवळच आहे आणि लिफ्टही आहे. अजनी चौकापर्यंत ऑटो करून पुढे मेट्रोने जाता येते. गुडघे दुखत असतील तर सदरमधले इंडियन कॉफी हाउस बरे. टेबलाशी बसून इडली-सांबार खाता येते (हे सांबार वेगळे!), आणि सांबार अर्धी वाटीच घ्यावे, कारण मीठ त्यातही असते. सीताबर्डीवर हल्दीरामसारखी बसायला मोकळी ठिकाणे आहेत. तिथे जिलबी-कचोरीच्या काचेकडे पाठ करून बसावे. कुठेही गेलात तरी स्वच्छतागृह कुठे आहे, किती पायऱ्या आहेत, हे आधी विचारा. लघवीची गोळी सकाळी घेतलेल्या माणसाला बशीपेक्षा ते महत्त्वाचे असते, आणि पुष्कळ वृद्ध बाहेर जायला नकार देतात तो याच धास्तीने. कोणाला सांगत मात्र नाहीत.

परतताना संत्र्याचा रस पाजण्याचा मोह होतो. मधुमेहींनी रसाऐवजी अख्खे संत्रे खावे. मूत्रपिंड अशक्त असणाऱ्यांनी पोटॅशियम तपासल्याशिवाय ना संत्र्याचा रस घ्यावा, ना नारळपाणी. एप्रिल-मे महिन्यांत मात्र हा सारा बेत सकाळी आठच्या आत उरकावा. नऊनंतर आपले ऊन वृद्धांना सोसत नाही.

वडिलांचे वजन पुढच्या वर्षभरात तीन किलोने भरून आले. रक्तदाबाची गोळी एकने वाढवावी लागली, हेही प्रामाणिकपणे सांगतो. त्या चौघांपैकी आता दोघेच आहेत. रविवारी मी त्यांना गाडीने सोडतो, डिकीतून दोन खुर्च्या काढून ठेवतो आणि जरा लांब उभा राहतो. जवळ उभा राहिलो, तर वडील शेव मागत नाहीत.