शंभर दीनारांचा माणूस

क्षमेचा उपदेश नेहमी आपल्याच वस्तीत का येतो? मार खाल्लेल्याच्या घरी. मारणाऱ्याच्या वाड्यावर तो कधी जात नाही. सभेत कुणीतरी शहाणा उठतो, म्हणतो, किती दिवस जुनं उगाळणार? येशूकडून शिका, त्यानं खिळे ठोकणाऱ्यांसाठीही माफी मागितली. डोकं सटकतं माझं. येशूवर नाही, या शहाण्यावर. च्यायला, त्यानं ती गोष्टच वाचलेली नसते.

मी वाचलीय. मत्तयाचा अठरावा अध्याय. पेत्र विचारतो, भावाला किती वेळा माफ करू, सातदा? येशू त्याला सत्तर गुणिले सात सांगतो आणि दाखला देतो. राजा हिशेबाला बसलाय. एक चाकर त्याचं दहा हजार तलांत देणं लागतो.

हा आकडा प्रवचनात पटकन उरकतात. मी गोदीत ओझी उचलतो, मला तो उरकता येत नाही. दीनार म्हणजे तेव्हाची मजुराची एक हजेरी. एका तलांताचे साधारण सहा हजार दीनार. म्हणजे दहा हजार तलांत झाले सहा कोटी हजेऱ्या. वर्षाच्या तीनशे धरा. दोन लाख वर्षं. असलं कर्ज हमालाच्या अंगावर चढतच नाही दोस्तहो, त्याला कोण देणार? ते चढतं राजाचा खजिना हाताळणाऱ्यावर. राजा ते सगळं सोडून देतो. हा बाहेर पडतो आणि त्याला दुसरा चाकर भेटतो, शंभर दीनारांचा देणेकरी. शंभर दिवसांची मजुरी. हा त्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो.

आता सांगा, क्षमा कर असं कुणाला सांगितलंय? ज्याला दोन लाख वर्षं माफ झाली त्याला. गळा आवळलेल्याला त्या गोष्टीत कुणीही उपदेश करत नाही. बाकीचे चाकर काय करतात? भजन नाही म्हणत. सरळ राजाकडे जाऊन तक्रार करतात. आणि राजा दिलेली माफी परत घेतो! त्याला छळ करणाऱ्यांच्या हवाली करतो, पै न् पै फिटेपर्यंत. हे शेवटचं पान शहाण्यांच्या पुस्तकातून फाटलेलं असतं.

त्याच अध्यायात थोडं वर बघा. भावानं अपराध केला तर आधी एकट्याला गाठून बोल. ऐकलं नाही तर दोनतीन साक्षीदार ने. तरी नाही तर मंडळीपुढे मांड. तिथंही नाही ऐकलं तर त्याला परका समज. आधी जाब, साक्ष, पंचायत.

टोळीतल्या नगरकडच्या ख्रिस्ती गड्याला मी विचारलं, त्या शंभर दीनारवाल्याचं काय झालं रे? सुटला का? दाखल्यात नाही ते. तो आतच आहे.

आपल्या हिशेबाचं बघा. वतनाच्या नावावर महारानं गावाची किती हजेरी फुकट भरली? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात वतनाचं बिल आणलं. वतन बंद करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. वतन गेलं, पण त्या हजेऱ्या कुणी मोजल्या नाहीत. दहा हजार तलांतवाला कोण ते सांगायला नको. त्याची माफी तर न मागताच झालीय.

दक्षिण आफ्रिकेत निदान मांडून तरी बघितलं. १९९५ च्या कायद्यानं आयोग नेमला, अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टुटू. राजकीय गुन्ह्याबद्दल सगळं खरं सांग, माफी घे. पश्चात्तापाची अट नव्हती. तेही मला थोर वाटतं, कारण निदान तोंडानं कबूल तरी करावं लागत होतं. पण स्टीव्ह बिकोच्या घरचे अडून बसले. १९७७ साली पोलिसांच्या ताब्यात मारहाण होऊन बिको मेला होता. तो गेला तेव्हा तीस वर्षांचा होता. घरचे म्हणाले, आमच्या वतीनं माफ करणारे तुम्ही कोण? ते घटना न्यायालयात गेले आणि १९९६ ला हरले. १९९९ ला त्या पोलिसांची माफी आयोगानंच नाकारली. तरी खटला उभा राहिला नाही. २०२५ च्या सप्टेंबरात बिकोच्या मृत्यूची चौकशी पुन्हा उघडली. अठ्ठेचाळीस वर्षांनी.