औषधाला पुरावा मागणं हा द्रोह नाही

आयुर्वेदाबद्दल शंका काढली की लोक शंका नंतर वाचतात, आधी माझं नाव वाचतात. मग ठरलेलं उत्तर येतं, ‘हेच तुमच्या युनानीला विचारा ना!’ विचारतो. दोघांनाही एकच प्रश्न विचारतो.

हा प्रश्न माझ्या घरातून आला. सोलापूरच्या माझ्या खालाला बरीच वर्षं मधुमेह आहे. कुणीतरी सांगितलं, हे चूर्ण घ्या, इन्सुलिन सुटेल. तिने इन्सुलिन सोडलं. काही महिन्यांत पायाची जखम चिघळली आणि दोन बोटं कापावी लागली. चूर्ण देणारा म्हणाला, ‘पथ्य पाळलं नसेल.’ म्हणजे गुण आला तर श्रेय औषधाचं, नाही आला तर दोष रोग्याचा. जे औषध कधी हरूच शकत नाही, ते जिंकलं हे तरी कसं ठरवायचं?

‘मला गुण आला’ हा अनुभव खरा असेल, पण तो पुरावा नव्हे. पुष्कळ दुखणी आपोआप बरी होतात. जून २०२० मध्ये ‘कोरोनिल’ने सात दिवसांत शंभर टक्के रुग्ण बरे होतात, असा दावा पतंजलीने केला. चाचणीतले रुग्ण सौम्य लक्षणांचे किंवा लक्षणंच नसलेले होते. असे बहुतेक रुग्ण तसेही बरे होत होते. खुद्द आयुष मंत्रालयाला ती जाहिरात थांबवायला सांगावं लागलं. पुढे फसव्या जाहिरातींच्या खटल्यात, २०२४ साली, याच कंपनीला वर्तमानपत्रांतून जाहीर माफी मागावी लागली.

वैद्यमंडळींचा आवडता युक्तिवाद असा, की प्रत्येकाची प्रकृती वेगळी, औषध वेगळं, त्यामुळे आधुनिक चाचणी आयुर्वेदाला लागूच होत नाही. हे खरं नाही. कोइम्बतूरला आमवाताच्या ४३ रुग्णांवर अशी चाचणी झाली, २०११ साली ती प्रसिद्ध झाली. वैद्यांनी प्रकृतीप्रमाणे औषध दिलं; कोणाला आयुर्वेदिक, कोणाला मेथोट्रेक्सेट आणि कोणाला दोन्ही मिळतंय, हे झाकून ठेवलं. तिन्ही गटांचे निकाल साधारण सारखे आले. ४३ रुग्णांवरून शेवटचा निवाडा होत नाही, पण चाचणी करता येते हे तर सिद्ध झालं!

पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघेदुखीच्या ४४० रुग्णांवर आयुर्वेदिक औषधं ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिबशी ताडून पाहिली. ती तोडीस तोड ठरली. पण यकृताचं एसजीपीटी वाढल्यामुळे २८ जणांना मधेच थांबवावं लागलं, हेही त्यांनी छापलं. भगंदरावरच्या क्षारसूत्राची ५०२ रुग्णांवरची चाचणी आयसीएमआरने १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेपेक्षा जखम भरायला दुप्पट वेळ लागला, पण वर्षभरात रोग उलटण्याचं प्रमाण ११ ऐवजी ४ टक्के. आयुर्वेदाचा खरा मान इथे आहे. ‘पाच हजार वर्षांची परंपरा’ म्हणून तो मिळत नाही.

आणि ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हे तर सोडूनच द्या. अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तर १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. करोनाकाळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी केली.

आता आपल्या घरात या. मोहल्ल्यात हिजामाची दुकानं थाटली आहेत. कलौंजी हर मर्ज़ की दवा म्हणून विकली जाते आणि कोणी प्रश्न केला तर हदीस पुढे करतात. इब्न खल्दूनने ‘मुकद्दिमा’त सहा शतकांपूर्वी लिहून ठेवलंय की, पैगंबर शरीयत शिकवायला आले होते, वैद्यक शिकवायला नाही. त्याच्याही आधी अल-राझीने काही रुग्णांचं रक्त काढलं, काहींचं मुद्दाम काढलं नाही आणि फरक पाहिला. तुलना ही गोऱ्यांची मक्तेदारी कधीच नव्हती.

सर्पगंधेची गोष्ट लक्षात ठेवा. वैद्य आणि हकीम, दोघेही ती वापरत. हकीम अजमल खान यांच्या प्रेरणेने सलीमुज़्ज़मान सिद्दीकींनी तिच्यातली रसायनं वेगळी केली आणि एकाला ‘अजमलीन’ नाव दिलं. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे तिचे निकाल ब्रिटिश नियतकालिकात छापले आणि जगाने ते औषध उचललं. तपासलं म्हणून परंपरेचा अपमान झाला नाही, तिचं नाव झालं.

म्हणून मागणी साधी आहे. बाटलीवर दावा असेल तर तो कोणत्या चाचणीत, किती रुग्णांवर टिकला हे सांगा. काढा असो की कलौंजी, नियम एकच. आणि तोवर कोणाच्याही सांगण्यावरून घरातल्या माणसाचं इन्सुलिन बंद करू नका. खालाची बोटं परत येणार नाहीत.